एकाच झाडाची दोन पेये : ताडी, नीरा आणि दारूबंदीचा इतिहास

१/ हल्ली 'शून्य टक्के अल्कोहोल' असे छापलेल्या बाटल्या दुकानांत दिसतात आणि ही कल्पना अगदी नवी वाटते. परंतु मद्याला पर्याय म्हणून बिनमद्याचे पेय लोकांपुढे ठेवण्याचा प्रयोग मुंबई इलाख्यात फार पूर्वीच झाला होता. ते पेय म्हणजे नीरा. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ प्रथम रस समजून घेऊ. माड किंवा ताडाची पोय छेदून, अथवा शिंदीच्या खोडाला खाच पाडून, रात्रभर मडक्यात रस जमवतात. पहाटे तो गोड असतो, पण काही तासांतच आंबू लागतो. मडक्याला आतून चुना लावला आणि रस थंड ठेवला, तर आंबण्याची क्रिया लांबते. न आंबलेला रस ती नीरा, आंबलेला ती ताडी. झाड तेच आणि रसही तोच.

३/ कोकणात हा रस काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. ठाणे आणि दक्षिण गुजरातच्या पट्ट्यातील आदिवासींसाठी ताडी व मोहाची दारू लग्नकार्याचा, देवकार्याचा भाग होती. धान्य संपत आलेल्या दिवसांत ताडी पोटाला आधारही देई. या समाजांच्या दृष्टीने पिणे हे पाप नव्हते.

४/ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने चित्र पालटले. झाड छेदायला परवाना आणि झाडागणिक कर आला. घरगुती भट्टी गुन्हा ठरली. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. दाराशी फुकट मिळणारी वस्तू आता मक्तेदाराच्या दुकानातून, रोख किंवा उधारीने, विकत घ्यावी लागली.

५/ त्यामुळे पिण्याचा अर्थच बदलला. दारू म्हणजे सरकारचा महसूल आणि पिणाऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला, तो याच काळात. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतही हा प्रश्न पोहोचला होता.

६/ परंतु सर्वांत विलक्षण घटना घडली ती शहरांपासून दूर. १९२१-२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली आणि हे लोण डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातपर्यंत पसरले. देवीचा आदेश साधा होता : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. पुढे काही ठिकाणी त्यात गांधींचे नाव आणि खादीही आली. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे.

७/ येथे जरा थांबू. ही व्यसनमुक्ती कोणी वरून लादलेली नव्हती. ज्या मक्तेदार-सावकारांकडे जमीन आणि दारूचे दुकान दोन्ही होते, त्यांच्या हातून सुटण्याचा तो मार्ग होता. म्हणूनच मक्तेदार अस्वस्थ झाले. गिऱ्हाईक शुद्धीवर आले की धंदा बुडतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

८/ १९३७ मध्ये काँग्रेसचे प्रांतिक सरकार आले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. खात्याचे मंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. मद्यव्यवसायात मोठा वाटा असलेल्या पारशी समाजाने त्यांच्यावर कडाडून टीका केली. मात्र एक प्रश्न उरलाच : ताडी बंद झाल्यावर झाडावर चढणाऱ्याने करायचे काय?

९/ उत्तर म्हणून पुढे आली नीरा आणि ताडगूळ. वर्ध्याचा ग्रामोद्योग संघ व गजानन नाईक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ताडगुळाच्या प्रयोगांत लक्ष घातले. गांधींनीही त्याचा पुरस्कार केला. झाड तोडायचे नाही, माणसाचे कसब वाया घालवायचे नाही, फक्त रस आंबू द्यायचा नाही, असा हा विचार होता.

१०/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ताडी आणि नीरा यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. पण सकाळची कायदेशीर नीरा दुपारी बेकायदा ताडी होऊ शकते. म्हणून नीरेलाही परवाना लागला. १८७८ साली झाडाभोवती पडलेला परवान्याचा वेढा दारूबंदीनेही उठवला नाही. फक्त उद्देश महसुलाऐवजी नीतीचा झाला.

११/ नीरेला मर्यादाही होत्या. ती टिकत नाही, दूर नेता येत नाही, आणि ताडी पिणाऱ्याला तिच्याने समाधान मिळेलच असे नाही. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी शिथिल केली. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील नीरेचे स्टॉल मात्र त्या प्रयोगाची खूण म्हणून राहिले.

१२/ दारूबंदीचा इतिहास वाचताना आपण बहुधा 'पिणे चांगले की वाईट' एवढेच विचारतो. त्यापेक्षा हा निर्णय कोणी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारावे. १९२२ मध्ये पिणाऱ्यांनी स्वतः घेतला, १९३९ मध्ये सरकारने. ताडी दोन्ही वेळा सुटली, पण दुसऱ्या वेळी झाडावर चढणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

तुमच्या घरी वा गावी कोणी माडावर, ताडावर चढत असे का? असल्यास त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवा. सरकारी दफ्तरांत झाडांची गणती सापडते, माणसांचे म्हणणे क्वचितच. (समाप्त)