क्ष-किरणांचे ध्रुवीकरण : एका मोजमापाची पन्नास वर्षे

प्रकाशलहरीतील विद्युत क्षेत्र किरणाच्या दिशेला काटकोनात आंदोलन करीत असते, हे आपण वर्गात शिकवतो. ही आंदोलने सर्व दिशांना सारखीच विखुरलेली असली तर तो प्रकाश अध्रुवित. ती एकाच प्रतलात होत असली तर ध्रुवित. हे दाखवायला पोलरॉइडचा तुकडा आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो. तुकडा पडद्यावर धरून फिरवला की एका स्थितीत आकडे दिसेनासे होतात.

क्ष-किरणही विद्युतचुंबकीय लहरीच आहेत. त्यांचेही ध्रुवीकरण होते, हे चार्ल्स बार्कला यांनी १९०४ ते १९०६ या काळात लिव्हरपूल येथे दाखवून दिले. परंतु आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांच्या बाबतीत हेच मोजमाप करणे फार अवघड ठरले. हे किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून उपकरण वातावरणाबाहेर न्यावे लागते. शिवाय पोलरॉइड त्यांच्यावर चालत नाही.

मग हा खटाटोप करायचा कशासाठी? क्रॅब अभ्रिकेचे उदाहरण घेऊ. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवला, त्याचे हे अवशेष. १९६०च्या दशकात तेथून क्ष-किरण येतात हे कळले. पण ते निर्माण कसे होतात? अतितप्त वायूपासून निघाले असतील, तर ते अध्रुवित असायला हवेत. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना ते फेकत असतील, तर ध्रुवित असायला हवेत. या दुसऱ्या प्रकाराला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. अभ्रिकेच्या दृश्य प्रकाशासाठी ही कल्पना श्क्लोव्स्की यांनी १९५३ मध्ये मांडली होती आणि पुढच्याच वर्षी तो प्रकाश ध्रुवित असल्याचे सोव्हिएत खगोलज्ञांना आढळलेही होते. पण क्ष-किरण देणारा इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा मोजक्या वर्षांत गमावून बसतो. स्फोटाला तर नऊशे वर्षे उलटून गेलेली. म्हणजे क्ष-किरण ध्रुवित निघाले, तर अभ्रिकेत आजही कोणीतरी इलेक्ट्रॉनांना सतत ऊर्जा पुरवत आहे, असे मानावे लागणार होते.

कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट नोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. त्यांच्या उपकरणात लिथियमचे ठोकळे व ग्रॅफाइटचे स्फटिक होते. लिथियमवर आपटून क्ष-किरण विखुरतात, ते विद्युत क्षेत्राच्या दिशेला काटकोनात अधिक. स्फटिकावर ४५ अंशांनी पडलेल्या किरणांपैकी विशिष्ट दिशेने ध्रुवित झालेलेच परावर्तित होतात. उपकरण फिरवीत राहायचे आणि मोजणी कोणत्या कोनात वाढते ते पाहायचे, अशी ही रीत. १९७१ साली एका रॉकेटने हे उपकरण काही मिनिटांपुरते वातावरणाबाहेर नेले. क्रॅबचे क्ष-किरण सुमारे १५ टक्के ध्रुवित असल्याचे त्यातून दिसले. १९७५ मध्ये सोडलेल्या ओएसओ-८ या उपग्रहाने हा आकडा १९ टक्क्यांच्या आसपास पक्का केला. सिंक्रोट्रॉनची कल्पना खरी ठरली. ऊर्जा पुरवणारा तो 'कोणीतरी' म्हणजे १९६८ साली तेथेच सापडलेला स्पंदक, स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा.

एवढे यश मिळाल्यावर काम झपाट्याने पुढे जायला हवे होते. प्रत्यक्षात ते थांबले. याचे कारण संख्याशास्त्रात आहे. शंभर वेळा नाणे उडवून बावन्न वेळा छापा पडला, तर नाणे खोटे म्हणता येत नाही. त्यासाठी हजारो वेळा उडवावे लागते. तसेच एखादा टक्का ध्रुवीकरण ओळखायला लाखो फोटॉन हवेत आणि स्फटिक तर आलेले बहुतेक फोटॉन वाया घालवतो. तेवढ्याच वेळात प्रतिमा किंवा वर्णपट घेणारी उपकरणे पुष्कळ काही देत असत. त्यामुळे मोठ्या दुर्बिणींतून ध्रुवणमापकाला जागा मिळेना. रशियाच्या 'स्पेक्ट्रम-एक्स-गॅमा' मोहिमेसाठी एक उपकरण तयार झाले होते. ती मोहीम मूळ स्वरूपात उडालीच नाही. अमेरिकेने २००९ मध्ये निवडलेला 'जेम्स' हा उपग्रह २०१२ मध्ये रद्द झाला.

वाट मोकळी झाली ती एका जुन्याच तत्त्वाने. क्ष-किरणाचा फोटॉन अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, तो प्राधान्याने विद्युत क्षेत्राच्या दिशेने निघतो. वायूतील त्याचा मार्ग मिलिमीटरहूनही लहान असतो. पण त्याचे चित्र घेता आले, तर प्रत्येक फोटॉन उपयोगी पडतो. असा शोधक इटलीतील एन्रिको कोस्ता, रोनाल्दो बेल्लाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जाहीर केला. तीन दुर्बिणींच्या नाभीशी असे शोधक बसवलेला 'आयएक्सपीई' हा अमेरिका व इटली यांचा उपग्रह ९ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेला. त्याचे प्रमुख होते मार्टिन वाइसकोफ, १९७१ च्या रॉकेटप्रयोगातील नोव्हिक यांचे सहकारी.

नव्या उपग्रहाने क्रॅबचे एकूण ध्रुवीकरण पुन्हा २० टक्क्यांच्या आसपासच दाखवले. जुने मोजमाप चोख होते. जुनी गणिते मात्र तितकी टिकली नाहीत. शौरी तारकासमूहातील 'हर्क्युलिस एक्स-१' या न्यूट्रॉन ताऱ्याचे किरण ६० ते ८० टक्क्यांपर्यंत ध्रुवित असावेत, असे सिद्धान्त सांगत होते. मोजल्यावर निघाले सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास! ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळील थरांचे चित्र नव्याने मांडण्याची वेळ आली.

भारतानेही यात भर घातली आहे. २०१५ साली सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट'वर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली बनवलेला कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा शोधक आहे. एका चौकटीत विखुरलेला फोटॉन शेजारच्या चौकटीत नोंदवला जातो, याचा उपयोग करून त्याने क्रॅबचे १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे ध्रुवीकरण मोजले. १ जानेवारी २०२४ रोजी 'एक्स्पोसॅट' हा खास ध्रुवणमापनाचा भारतीय उपग्रह उडाला. त्यावरील 'पोलिक्स' हे उपकरण बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने बनवले असून ते ८ ते ३० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात काम करते. त्यात बेरिलियमवर विखुरलेले किरण चारही बाजूंनी मोजले जातात. बार्कला यांच्या प्रयोगाचे तत्त्वही हेच होते.

विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगताना मधली रिकामी वर्षे गाळू नयेत. त्या काळात सिद्धान्त पुष्कळ रचले गेले. ते तपासायला मोजमाप मात्र नव्हते, आणि तपासणी झाल्यावर त्यांतील काही बदलावे लागले.