कार्कस (स्वयंपाकघरातील कपाट)

कार्कस म्हणजे स्वयंपाकघरातील कपाटाचा दारे, खण व दर्शनी भाग वगळून उरणारा पेटीसारखा सांगाडा. दोन बाजूंच्या फळ्या, तळफळी, वरची फळी किंवा आडव्या पट्ट्या आणि पाठफळी एवढ्या भागांनी तो बनतो. ओट्याचा, भांड्यांचा व धान्याचा भार हाच सांगाडा पेलतो. दारे केवळ आतील वस्तू झाकतात व स्वयंपाकघराला रूप देतात. त्यामुळे कार्कस एकीकडून तयार विकत घेऊन दारे दुसरीकडून करून घेण्याची किंवा स्वतः बनवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. ब्रिटनमध्ये बिनदाराचे कार्कस स्वतंत्र वस्तू म्हणून विकले जातात. भारतातही मॉड्युलर किचनच्या दरपत्रकात कार्कस आणि शटर (दार) यांचे दर पुष्कळदा वेगळे दाखवतात.

नाव

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ प्राण्याचे मृत शरीर, धड असा आहे. त्यावरून तो इमारतीच्या व लाकडी सामानाच्या सांगाड्यासाठी वापरला जाऊ लागला. मराठी बोलण्यात कारागीर 'कार्कस', 'बॉक्स' किंवा 'सांगाडा' असे शब्द वापरतात. दाराला 'शटर' आणि तळाशी पाय झाकणाऱ्या पट्टीला 'स्कर्टिंग' म्हणतात.

इतिहास

ठरावीक मापाच्या कपाटांनी स्वयंपाकघर रचण्याची कल्पना विसाव्या शतकातील आहे. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या गृहनिर्माण योजनेसाठी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशा त्या जागेत प्रत्येक वस्तूचे स्थान गृहिणीची पायपीट कमी व्हावी या हेतूने ठरवले होते. 'फ्रँकफुर्ट किचन' या नावाने ओळखली जाणारी ही रचना सुमारे १०,००० घरांत बसवली गेली. स्वीडनमध्ये १९४४ साली स्थापन झालेल्या गृहसंशोधन संस्थेने स्वयंपाकघरातील कामाची मोजमापे घेऊन ओट्याची उंची व कपाटांची मापे ठरवण्यास मदत केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या चुऱ्यापासून बनणाऱ्या पार्टिकल बोर्डाचा प्रसार झाला व एकसारख्या पेट्या कारखान्यात काढणे स्वस्त झाले. पुढे '३२ मिलिमीटर पद्धत' प्रचारात आली. या पद्धतीत बाजूच्या फळीवर पुढील कडेपासून ३७ मिमी अंतरावर, एकमेकांपासून ३२ मिमी अंतराने, ५ मिमी व्यासाची छिद्रे पाडतात. बिजागरी, खणांचे चॅनेल व मांडणीच्या खुंट्या याच छिद्रांत बसतात. म्हणून एका उत्पादकाच्या कार्कसला दुसऱ्या उत्पादकाची बिजागरी चालू शकते. बिनदाराच्या कार्कसचा स्वतंत्र व्यापार वाढण्यास ही बाब उपकारक ठरली. आयकिया या स्वीडिश कंपनीच्या 'मेटोड' मालिकेतही सांगाडा, दार व बिजागरी वेगवेगळी विकली जातात. तिच्या सांगाड्यांना बसतील अशी दारे बनवणारे स्वतंत्र उत्पादकही आहेत.

महाराष्ट्रातील पद्धत

महाराष्ट्रातील अनेक घरांत लाकडी कार्कसऐवजी कडप्प्याचा सांगाडा आढळतो. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा सिमेंटने बसवून कप्पे पाडतात. नंतर त्यांत स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या सरकवून समोर शटर लावतात. कडप्पा पाण्याने फुगत नाही व त्याला वाळवी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र अशा कप्प्यांची मापे एकसारखी नसतात. त्यामुळे प्रत्येक ट्रॉली व शटर त्या कप्प्याचे माप घेऊनच बनवावे लागते आणि रचना पुढे बदलणे कठीण जाते.

मापे

ब्रिटनमध्ये ओट्याखालील कार्कसची प्रचलित उंची ७२० मिमी आहे. त्याखाली सुमारे १५० मिमीचे पाय आणि वर सुमारे ४० मिमीचा ओट्याचा पृष्ठभाग धरल्यास एकूण उंची ९१० मिमी होते. खोली साधारणपणे ५६० ते ५७० मिमी, तर रुंदी ३००, ४००, ५००, ६००, ८०० व १००० मिमी अशी मिळते. मेटोड मालिकेत सांगाड्याची उंची ८०० मिमी व पायांची ८० मिमी आहे. म्हणून एका पद्धतीसाठी घेतलेले दार दुसऱ्या पद्धतीच्या सांगाड्याला बसत नाही.

कार्कसचे सांगितलेले माप बाहेरचे असते. १८ मिमी जाडीच्या फळ्यांच्या ६०० मिमी रुंद कार्कसची आतील रुंदी दोन्ही बाजूंच्या मिळून ३६ मिमी वजा जाऊन ५६४ मिमी राहते. बाजूला बसणाऱ्या चॅनेलसाठी प्रत्येकी सुमारे १३ मिमी जागा सोडल्यास खणाची बाहेरील रुंदी ५३८ मिमी ठेवावी लागते. फळी १५ किंवा १६ मिमीची असेल तर हे सर्व आकडे बदलतात. विक्रीपत्रकातील फळीची जाडी त्यामुळे आधीच पाहून घ्यावी लागते.

साहित्य

पार्टिकल बोर्ड : लाकडाचा चुरा व राळ दाबून बनवलेली ही फळी स्वस्त व सपाट असते. दोन्ही पृष्ठभागांवर मेलामाइनचा थर असला तरी उघड्या कडेतून पाणी शिरल्यास ती फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. ओलावारोधक प्रकार अधिक टिकतो, परंतु तोही जलरोधक नसतो. काही उत्पादक अशा फळीच्या गाभ्यात ओळखीसाठी हिरवा रंग मिसळतात. रंग हा गुणवत्तेचा पुरावा मात्र नव्हे.

एमडीएफ : बारीक तंतूंपासून बनलेली ही फळी गुळगुळीत असल्याने रंगवलेल्या दारांसाठी सोयीची असते. साधा एमडीएफ पाण्यापासून जपावा लागतो.

प्लायवुड : लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवून ते बनते. कडेत स्क्रू घट्ट धरण्याच्या बाबतीत ते पार्टिकल बोर्डापेक्षा सरस असते. भारतीय मानक ब्युरोचे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० हे मानक आहे. सिंकखालच्या कार्कससाठी उकळत्या पाण्याला टिकणारा प्रकार निवडतात.

वरील फळ्यांच्या राळेत बहुधा फॉर्मल्डिहाइड असते व ते वायुरूपाने हळूहळू बाहेर पडते. या वायूने डोळे व घसा चुरचुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवास कर्करोगकारक द्रव्यांत केली आहे. युरोपातील 'ई १' ही श्रेणी त्याच्या उत्सर्जनाची मर्यादा दर्शवते. सर्व कडांना एज बँडिंग केल्यास उत्सर्जन घटते आणि ओलावाही अडतो.

खरेदीपूर्वीची तपासणी

कार्कस जोडलेला किंवा सुट्या भागांच्या खोक्यात मिळतो. जोडलेला कार्कस जड असतो व अरुंद जिन्यातून नेणे अवघड जाते. सुटे भाग नेण्यास सोपे, परंतु जोडणीची अचूकता बसवणाऱ्यावर अवलंबून असते.

काटकोन पाहण्यासाठी समोरच्या बाजूचे दोन्ही कर्ण मोजतात. ते समान असतील तरच पेटी काटकोनी आहे. कर्णांत फरक असल्यास दारे तिरकी दिसतात व बिजागरीच्या मळसूत्रांनी तो दोष पूर्णपणे झाकता येत नाही. पाठफळी खाचेत बसवली आहे की केवळ खिळ्यांनी ठोकली आहे हेही पाहावे लागते, कारण पेटीला ताठपणा तिच्यामुळे येतो. पाठफळी मागील कडेपासून आत सरकवलेली असेल तर नळ व वायरींना मागे जागा मिळते.

बिजागरी, पाय, भिंतीवरील टांगणीचे कंस व मांडणीच्या खुंट्या किमतीत धरल्या आहेत का, याची नोंद घेणे आवश्यक असते. भारतात दर पुष्कळदा चौरस फुटावर सांगतात. तो दर समोरच्या क्षेत्रफळाचा आहे की लागलेल्या सर्व फळ्यांचा, हे स्पष्ट न झाल्यास दोन दरपत्रकांची तुलना व्यर्थ ठरते.

दारे बसवणे

बाजूची कड पूर्ण झाकणाऱ्या दाराची रुंदी कार्कसपेक्षा ३ ते ४ मिमीने कमी ठेवतात. ६०० मिमी कार्कसला ५९६ किंवा ५९७ मिमीचे, तर ७२० मिमी उंचीला सुमारे ७१५ मिमीचे दार लावतात. दोन पेट्यांमध्ये एकच सामाईक फळी असल्यास तिची अर्धी कड झाकणारी बिजागरी, आणि दार चौकटीच्या आत बसवायचे असल्यास आतील प्रकारची बिजागरी लागते. बिजागरीच्या वाटीसाठी दारात ३५ मिमी व्यासाचे छिद्र पाडतात. साधारण ९०० मिमी उंचीपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या पुरतात. अधिक उंच किंवा जड दाराला तीन वा अधिक लागतात.

कार्कस जागेवर बसवून, पाणसळीने समपातळीत आणून व एकमेकांना जोडून झाल्यावर दारांची अंतिम मापे घेणे हा सुरक्षित क्रम होय. तयार प्रमाणित दारे घेतल्यास ही अडचण कमी येते. जुनी दारे पुन्हा वापरायची असतील तर क्रम उलटा असतो. तेथे दारांच्या मापावरून कार्कस निवडावे लागतात आणि जुन्या बिजागरीची छिद्रे नव्या छिद्रांशी जुळतात का ते पाहावे लागते.

मर्यादा व धोके

बिनदाराच्या खरेदीत खर्च वाचेलच असे नाही. मागणीनुसार बनवलेली दारे, त्यांचा रंग, बिजागऱ्या व मजुरी मिळून संपूर्ण संचापेक्षा अधिक खर्च होऊ शकतो. फायदा मुख्यतः निवडीच्या स्वातंत्र्याचा व टप्प्याटप्प्याने खर्च करता येण्याचा असतो. सांगाडा चांगला असल्यास काही वर्षांनी केवळ दारे बदलून स्वयंपाकघर नवे करता येते, तर हलक्या सांगाड्यावरील महाग दारे बिजागरीचे स्क्रू सुटताच निरुपयोगी होतात.

भिंतीवरील कार्कस ताटे-वाट्यांनी भरल्यावर अतिशय जड होतो. तो केवळ पाठफळीतून स्क्रू मारून टांगू नये. भार बाजूच्या फळ्यांना जोडलेल्या कंसांवर यावा लागतो, आणि भिंत विटांची, काँक्रीटची किंवा पोकळ आहे हे पाहून योग्य खुंटी वापरावी लागते. जमिनीवरील उंच कार्कसही कलंडू नये म्हणून भिंतीला जखडतात.