पावसाचा हिशेब आणि पुण्यातली रांग

मृग लागला की आमचे मामू रोज एकच प्रश्न विचारतात, "क्या मास्टर, पानी कब पडनेवाला? मोबाइल में देख के बोल ना." भूम तालुक्यात त्यांची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. पण पहिल्या सरीनंतर शेजारचा ट्रॅक्टर सुरू झाला की धीर कुणाला धरवतो? एका वर्षी मामूंनी घाई केली आणि पावसाने तीन आठवडे ओढ दिली. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे दुसऱ्यांदा करावे लागले. घरात लग्न ठरलेले होते, ते पुढे ढकलले.

आमचा धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे पावसाचा अंदाज चुकला तर त्याची किंमत अशी घरात शिरते. मोबाइलवरचा तो ढग येतो कुठून, हे शोधायला मी निघालो. मी भाषेचा शिक्षक, संगणकाशी माझा संबंध निकालपत्रकापुरता. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात महासंगणकावर संशोधनाची कामे चालवतो. त्याने समजावले आणि मी वाचत गेलो.

या गोष्टीची सुरुवात संगणकाच्याही आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये गणिताने हवामान सांगण्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एका प्रचंड सभागृहाची कल्पना केली. चौसष्ट हजार माणसे बसली आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीच्या एका तुकड्याचा हिशेब आहे. मध्ये उंचावर एक प्रमुख उभा आहे. जे हिशेबात पुढे धावतात त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जे मागे पडतात त्यांच्यावर निळा. कारण शेजारच्या तुकड्याचे उत्तर आल्याशिवाय आपले पुढचे गणित सुटत नाही. अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, तर कुणीतरी सर्वांची चाल सांभाळली पाहिजे, हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

आता आपल्याकडे येऊ. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रांसाठी वापर होईल या भीतीने अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेले यंत्र नाकारले. त्याऐवजी कमी ताकदीचे यंत्र दिल्लीत हवामानाच्या कामासाठी दिले. या नकारानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

या यंत्राची युक्ती साधी होती. एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग अनेक लहान जोडा. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप वापरल्या होत्या. प्रत्येक चिपला चार दुवे, त्यांतून ती शेजारणींशी बोलते. पुढे जगभर हीच वाट रुळली. आजचा महासंगणक म्हणजे शेकडो-हजारो संगणकांचे मोहल्ले. त्यातल्या एकेका संगणकाला नोड म्हणतात.

पण जोडणी झाली की दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे पाळी कुणाची? शेकडो संशोधक आपापली कामे पाठवतात. कुणाला दोन नोड हवे, कुणाला दोनशे. ही पाळी ठरवणाऱ्या प्रोग्रामला शेड्युलर म्हणतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेला 'स्लर्म' हा त्यातला आज सर्वात परिचित.

आधी येईल त्याला आधी, हा नियम न्यायाचा वाटतो. पण समजा शंभर नोड आहेत, सत्तर संध्याकाळपर्यंत गुंतले आहेत. रांगेत पहिल्याला साठ हवेत, म्हणजे त्याला थांबणे भाग आहे. मग उरलेले तीस रिकामेच ठेवायचे? १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत यावर तोड निघाली. मागच्या एखाद्याला वीसच नोड दोन तासांसाठी हवे असतील, तर त्याला मध्ये घ्या. अट एकच, पहिल्याची पाळी त्यामुळे मिनिटभरही लांबता कामा नये. म्हणून प्रत्येकाने आपल्या कामाला किती वेळ लागेल हे आधी सांगायचे. फुगवून सांगाल तर मधली जागा मिळणार नाही. कमी सांगाल तर वेळ संपताच काम बंद पडेल. रेशनच्या रांगेत उभे राहून मोठा झालेला माणूस या नियमाला दाद देईल.

दुसरा नियम वाट्याचा. ज्याने नुकतेच भरपूर वापरले तो मागे सरकतो, ज्याला कमी मिळाले तो पुढे येतो. हे वाचताना मला अल-ख्वारिझ्मी आठवला. 'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या याच विद्वानाच्या नावावरून आला. त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्राच्या वाटणीवर आहे. कुणाला किती मिळावे, हा प्रश्न या विद्येत पहिल्यापासून होता.

हवामानाच्या अंदाजात कामे नुसती रांगेत नसतात, एकमेकांत ओवलेली असतात. उपग्रह, फुगे आणि केंद्रांकडून नोंदी येतात. त्या तपासल्याशिवाय आजची स्थिती ठरत नाही, ती ठरल्याशिवाय उद्याचे गणित सुरू होत नाही. वुजू झाल्याशिवाय नमाज नाही, तसेच. आणि २०१८ पासून एकाच वेळी एकवीस अंदाज चालवले जातात, सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा फरक करून. बहुतेकांत पाऊस दिसला तर भरवसा वाढतो. उद्याचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही, म्हणून हवामान केंद्रांत या कामाला अग्रक्रम असतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आला, २०२४ मध्ये 'अर्क'. मे २०२५ पासून अंदाजाची चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आली. चौकट निम्मी केली की हिशेब साधारण आठपट वाढतो. बाराच्या चौकटीत मामूंचे गाव आणि डोंगरापलीकडचे गाव एकच होते. आता ती वेगळी दिसू शकतात.

ही रांग कुणाचे आडनाव विचारत नाही. ती मागणी, वेळ आणि आधीचा वापर बघते. पण नियमांत कशाला किती वजन द्यायचे हे माणसेच ठरवतात. आणि रांगेत उभे राहायला आधी एखाद्या संस्थेत खाते लागते. आमच्या उर्दू शाळेतली किती मुले दहावीनंतर विज्ञान घेऊन तिथवर जातात, हे मला ठाऊक आहे. बोटांवर मोजता येतात. या वर्षी नववीच्या मुलांना मी हाच धडा सांगणार आहे.

मामूंना मी अंदाज वाचून दाखवला आणि म्हणालो, आणखी चार दिवस थांबा. ते म्हणाले, "मशीन भी लाइन में खडी रहती क्या? फिर मैं भी रुकता."