अनामिकेवरची पाहुणी

लग्नसराईच्या दिवसांत वाशीमच्या सराफ्यात एक गोष्ट हमखास बघायला मिळते. एखादी बाई पर्सच्या आतल्या कप्प्यातून कागदाची पुडी काढते. पुडीत हळद नाही, कुंकू नाही. असतो गाठ मारलेला पांढरा दोरा. "होणाऱ्या सुनेच्या बोटाचं माप हाय, भाऊ." सराफ तो वेढा निमुळत्या कांडीवर सरकवतो, जिथं अडेल तिथला आकडा वाचतो आणि विचारतो, "सकाळी घेतलं का संध्याकाळी?" प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण उन्हाळ्यात दिवसभर कामात असलेलं बोट संध्याकाळी फुगतं आणि सकाळच्या मापाची अंगठी सांध्यावर अडून बसते. "ढिली झाली तं दोरा गुंडाळता येते. घट्ट झाली तं स्टेजवर पंचाईत."

ते स्टेज आणि ही अंगठी, दोघंही आमच्या सोयरिकीत उशिरा आलेले पाहुणे. पंचाईत मात्र जुनी. सोयरीक जुळली की चार-पाच वडीलधारी माणसं बसायची, सुपारी फोडायची, देण्याघेण्याचं बोलून घ्यायची, मग मुलीच्या कपाळाला कुंकू, ओटीत नारळ आणि पातळ, मुलाच्या कपाळाला गंध. पुण्याकडचा साखरपुडा तो आमचा साक्षगंध. पत्रिकेवर आजही हाच शब्द छापतात, फार तर खाली 'रिंग सेरेमनी' अशी जोड देतात. नाव नीट वाचलं तर सगळा विधी त्यात आहे: साक्ष आणि गंध. साखरपुडा म्हणा, तर साखर आणि तिचा पुडा. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आपली काशी मानणाऱ्या बंजारा समाजात सोयरीक पक्की होते ती गुळानं. यातल्या एकाही नावात अंगठी नाही. शब्द दिला तो जिभेनं, तो गोड केला तोही जिभेवर. बोटाला त्यात काम नव्हतं, असं वाटतं खरं. पण होतं. त्याकडे येतोच.

आधी अंगठीचं कूळ. हा शब्द अंगठ्याचा, म्हणजे संस्कृत अंगुष्ठाचा. ज्या बोटावरून नाव पडलं त्या बोटात ती आज क्वचितच दिसते. तिचं दुसरं, जुनं मराठी नाव मुदी. ते आलं मुद्रेवरून. मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का. आपल्याकडच्या जुन्या अंगठीचं खरं काम हेच, ओळख पटवण्याचं. अशोकवनात सीतेनं मारुतीवर विश्वास ठेवला तो रामाची मुद्रिका बघून. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त अमात्य राक्षसाच्या अंगठीचा शिक्का चाणक्याच्या हाती पडतो आणि राजकारणच फिरतं. 'मालविकाग्निमित्रा'तली मालविका तर आमची, विदर्भाची राजकन्या. ती कोंडली जाते तेव्हा विदूषक साप चावल्याचं सोंग आणतो, उताऱ्यासाठी सापाची आकृती असलेली वस्तू हवी म्हणतो आणि राणीची नागमुद्रा असलेली अंगठी मिळवतो. ती दाखवली की पहारेकरीण निमूट दार उघडते. शकुंतलेच्या अंगठीवर दुष्यंताचं नाव कोरलेलं होतं. रोज एक अक्षर मोज, अक्षरं संपायच्या आत माझा माणूस तुला न्यायला येईल, असा त्याचा वायदा. अंगठी ढिली असली की पुढं काय होतं, ते तिला विचारावं. शचीतीर्थाच्या पाण्यात ती गळाली, माशानं गिळली आणि ओळखच बुडाली.

शकुंतलेचं लग्न गांधर्व होतं. साहित्यातलं तसंच एक लग्न चक्क वाशीमला लागलेलं आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि त्याच्यामागं देशोदेशी फिरलेली साहित्यविद्या यांचं गांधर्व लग्न लावलं ते याच गावात. विदर्भातल्या या नगराला तो मदनाचं क्रीडास्थान म्हणतो. आजच्या वाशीमकराला हे सांगितलं की तो आधी हसतो. त्या लग्नाला पंच नव्हते, सुपारी नव्हती आणि राजशेखर अंगठीचंही नाव काढत नाही.

आता बोट. धार्मिक कार्यात दर्भाचं पवित्रक घालतात ते अनामिकेत, करंगळीशेजारच्या बोटात. देवाला गंध लावायचं ते अनामिकेनंच. म्हणजे अंगठी यायच्या कितीतरी आधी हे बोट साक्षगंधात हजर होतं, वाटीत बुडत होतं, कपाळ शोधत होतं. रोमन लोकांनीही अंगठीसाठी हेच बोट निवडलं, पण कारण वेगळं: या बोटातून एक बारीक नस थेट काळजाला जाते अशी त्यांची समजूत. नवरीला पाठवायची त्यांची जुनी अंगठी बिनखड्याची आणि लोखंडाची होती, असं प्लिनीनं लिहून ठेवलंय. हिऱ्याच्या वाङ्निश्चयासाठी १४७७ साल सांगतात, ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन आणि बर्गंडीची मेरी. हिरा प्रकाशात उंच उचलून धरणारी सहा नखांची बैठक टिफनीनं १८८६ मध्ये बाजारात आणली आणि हिरा कायमचा असतो हे जगाच्या गळी उतरवलं ते १९४७ मध्ये, डी बिअर्सच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी लिहिलेल्या एका ओळीनं. एवढा प्रवास करून हिरा आमच्या सराफ्यात आला, तो नवलाचा म्हणून. वास्तविक अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः हिंदुस्थाननं, आणि अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त नोंदलेली हिऱ्याची एक खाण विदर्भातच, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडला होती.

वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरात मात्र हिऱ्याला प्रतिष्ठा नव्हती. तिथं मान वेढणीला: चोख सोन्याची जाड तार बोटाभोवती दोन-तीन फेरे वळलेली, ना खडा, ना नक्षी. खडा नाही म्हणून वजनात खोट नाही, डाख नाही म्हणून मोडताना घट नाही. पेरणीला बियाणं कमी पडलं की वेढणी बोटातून निघायची आणि पीक चांगलं आलं की परत यायची. दागिना कसला, ती बोटात घातलेली शिल्लकच. म्हणून आजही मुलाचा बाप काउंटरवर पहिला प्रश्न डिझाइनबद्दल विचारत नाही. "मोडीत किती जाईन?" एवढंच विचारतो. मुलगा मोबाइलवर फोटो दाखवत असतो, बाप तराजूकडे बघत असतो.

त्या मोबाइलमधल्या फोटोंत काय असतं? नाजूक, पातळ कडं, गोल खड्याऐवजी लांबट अंडाकृती, मधल्या खड्याभोवती बारीक खड्यांचं रिंगण, गुलाबी सोनं, दोघांच्या जोडीच्या अंगठ्या, त्याची प्लॅटिनमची आणि रुंद, तिची बारीक. सोन्यानं २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडल्यावर १८ आणि १४ कॅरटची विचारणा नवलाची राहिली नाही. त्याच वर्षी जुलैपासून ९ कॅरटवरही हॉलमार्क मिळू लागला. खडा घट्ट धरायला कमी कॅरटचं, कडक सोनं बरंच असतं. पण १४ कॅरट म्हटलं की जुने सोनार अजून तोंड वाकडं करतात. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणानं १४ कॅरटपेक्षा चोख दागिने घडवायला बंदी घातली आणि देशभरातल्या सोनारांच्या ऐरणी थंडावल्या. लोकांनी त्या सोन्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती बंदी १९६६ मध्ये सैल झाली, नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये गेला. सरकारनं लादूनही न चाललेलं सोनं आता फॅशन म्हणून चालतंय.

हिराही आता कारखान्यात पिकतो. सुरतेत हिऱ्याची पातळ चकती बी म्हणून बंद पेटीत ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडून तापवतात. वायूतला कार्बन त्या बियावर थराथरानं चढतो आणि काही आठवड्यांत खडा तयार. आमच्या सोयाबीनला शंभर दिवस लागतात, वर पावसाची मर्जी. हा हिरा खोटा नव्हे, घडण तीच. भाव मात्र खाणीतल्यापेक्षा पुष्कळ कमी आणि मोडीत त्याहून कमी. बापाच्या प्रश्नाला इथं सोईचं उत्तर नाही. मला स्वतःला यात गैर वाटत नाही. पैसे हौसेचे आहेत हे घेतानाच मान्य करावं. शिलकेसाठी वेढणी आहेच.

या सगळ्यांत माझी आवडती फॅशन वेगळी आहे. अंगठीच्या आतून लेझरनं नाव कोरून घेतात, तिच्या अंगठीत त्याचं, त्याच्या अंगठीत तिचं. ज्या बोटाचं नावच अनामिका, त्याला असं नाव मिळतं. त्याच्याही पुढं जाऊन काही जोडपी एकमेकांच्या अंगठ्याचा ठसा कोरून घेतात. सराफ शाईचा पॅड पुढं करतो, पोरगा अंगठा टेकवतो आणि सोबत आलेला आजा उगाच आपला अंगठा दुसऱ्या हातात लपवतो. त्याच्या घराण्यात अंगठा उठायचा तो सावकाराच्या कागदावर. नातवाचा उठतोय सोन्यात. मुदी पुन्हा मुद्रा झाली, आणि अंगठीत इतक्या काळानं अंगठा आला.

स्टेजवर गर्दी झालेली असते. मुलाच्या कपाळाला गंध लागलेलं असतं, मुलीची ओटी भरून झालेली असते. उजवा हात की डावा, यावर मावशी आणि आत्या यांचं जमत नाही. निकाल फोटोग्राफर देतो, डावा, उजेड तिकडून आहे. अंगठी सांध्यापर्यंत जाते आणि अडते. माप सकाळचं निघालं. कुणीतरी म्हणतं तेल आणा, कुणी म्हणतं साबण. तेवढ्यात आजी पुढं होते, गंधाच्या वाटीत बोट बुडवते, नातसुनेच्या अनामिकेला ओलं गंध फासते आणि अंगठी सरकते.

"पुन्हा एकदा," फोटोग्राफर म्हणतो, "आजी, तुम्ही जरा बाजूला."