भंग यामिकी

पदार्थात असलेली चीर कोणत्या भाराखाली वाढू लागते, किती वेगाने वाढते आणि केवढी झाली की वस्तू एकाएकी तुटते, याचा अभ्यास करणारी घन यामिकीची शाखा. इंग्रजीत ती फ्रॅक्चर मेकॅनिक्स या नावाने ओळखली जाते. विमाने, पूल, रेल्वेचे रूळ, बाष्पित्रे, अणुभट्ट्यांच्या नळ्या, अग्निबाणांची कवचे यांची सुरक्षितता ठरवताना तिचा आधार घेतात. धातुविज्ञान, गणित, चाचणी आणि संगणकीय आकडेमोड या चारही गोष्टींशी तिचा रोजचा संबंध असल्यामुळे अभियांत्रिकी व भौतिकी शिकलेल्या तरुणांना तिच्यात संशोधनाच्या आणि नोकरीच्या अनेक वाटा आहेत.

मूळ कल्पना : पदार्थबलाच्या रूढ पद्धतीत भागावर येणारे प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे अंतर्गत बल, काढतात आणि ते पदार्थाच्या बलापेक्षा पुरेसे कमी ठेवतात. ही पद्धत पदार्थ निर्दोष आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात ओतकामात हवेचे पोकळ फुगे राहतात, वेल्डिंगमध्ये मळी अडकते, लेथवर ओरखडे पडतात, वापरात गंज चढतो. अशा दोषाच्या टोकाशी प्रतिबल अनेक पटींनी वाढते. दोष जितका लांब आणि त्याचे टोक जितके तीक्ष्ण, तितकी ही वाढ मोठी. दुकानदार कापडाच्या काठाला कात्रीने जरासा काप देतो आणि मग अख्खा पन्हा हाताने सहज फाडतो, ते याच कारणाने.

भंग यामिकीत तीन राशींचा मेळ घातला जातो : बाहेरून येणारे प्रतिबल, चिरेची लांबी आणि पदार्थाचा भंग-चिवटपणा, म्हणजे चीर वाढण्यास पदार्थ करतो तो विरोध. पहिल्या दोन राशींवरून प्रतिबल-तीव्रता गुणांक काढतात. रुंद पत्र्याच्या मध्यभागी आरपार चीर असेल, तर चिरेच्या अर्ध्या लांबीला 'पाय'ने गुणून वर्गमूळ काढायचे आणि त्याला प्रतिबलाने गुणायचे. हा गुणांक पदार्थाच्या भंग-चिवटपणाइतका झाला की चीर धावत सुटते. खिडकीच्या काचेचा भंग-चिवटपणा साधारण ०.७५ मेगापास्कल वर्गमूळ मीटर असतो, विमानांत वापरल्या जाणाऱ्या उच्च बलाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा २५ च्या आसपास, तर चांगल्या बांधकामी पोलादाचा १०० च्याही वर जाऊ शकतो.

२५ चिवटपणाच्या ॲल्युमिनियम पत्र्यावर १०० मेगापास्कल प्रतिबल असेल, तर तो सुमारे ४० मिलिमीटर लांबीची चीर सहन करतो. प्रतिबल २०० मेगापास्कल केले, तर ही मर्यादा १० मिलिमीटरवर येते. भार दुप्पट झाला की खपणारी चीर एक चतुर्थांश होते. वजन वाचवण्यासाठी पत्रा पातळ करणाऱ्या अभियंत्याने हा हिशेब आधी मांडावा लागतो. तपासणीत १० मिलिमीटरची चीर नक्की सापडणार नसेल, तर तो पत्रा वापरण्याजोगा नाही.

इतिहास : ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. वर्षानुवर्षे नीट चाललेला आस एके दिवशी का तुटतो, हा प्रश्न त्या काळात ऐरणीवर आला. जर्मन रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर याने १८५०–७० या काळात आसांवर पुनःपुन्हा उलटसुलट भार देऊन पद्धतशीर प्रयोग केले. एका खेपेत ज्या भाराने काही होत नाही, तोच भार लाखो वेळा पडला तर धातू तुटतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. या क्रियेला शिणवटा म्हणतात.

सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार छिद्राच्या टोकाशी प्रतिबल किती वाढते याचे सूत्र दिले. फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून १९२१ मध्ये निराळा विचार मांडला. चीर वाढताना पदार्थात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी होते, तर नवे पृष्ठभाग तयार होण्यास ऊर्जा खर्ची पडते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चाला पुरली की भंग होतो. काचेचे धागे बारीक करत नेले तर त्यांचे बल वाढते, कारण त्यांत मोठे दोष मावत नाहीत, हेही त्यांनी दाखवले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या वेल्डिंगच्या जहाजांनी हा विषय प्रयोगशाळेबाहेर आणला. जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' हे नवे कोरे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात उभे असताना मधोमध दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि वेल्डिंगमधले दोष अशा अपघातांच्या मुळाशी होते. त्याच काळातल्या 'लिबर्टी' नावाच्या मालवाहू जहाजांत मालकक्षाच्या तोंडाचे काटकोनी कोपरेही घातक ठरले. रिव्हेट मारलेल्या जहाजात पत्र्याच्या कडेशी चीर थांबत असे. वेल्डिंगने अखंड झालेल्या सांगाड्यात तिला अडवणारे काही नव्हते. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दोष वेल्डिंगच्या तंत्रापेक्षा पोलादाच्या थंडीतल्या ठिसूळपणात आहे हे पुढे आणले.

१९५४ च्या जानेवारी आणि एप्रिल महिन्यांत 'कॉमेट' ही ब्रिटिश जेट प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर फुटली. फार्नबरोला एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या केबिनमध्ये पुनःपुन्हा दाब भरला व सोडला. सुमारे ३,००० उड्डाणांइतक्या आवर्तनांनंतर सांगाडा फाटला. खिडक्या व झरोक्यांच्या कोपऱ्यांशी प्रतिबल हिशेबापेक्षा बरेच अधिक होते. पूर्ण विमानाची शिणवटा चाचणी घेण्याचा शिरस्ता या तपासानंतर पक्का झाला.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील जॉर्ज अर्विन यांनी १९५७ मध्ये प्रतिबल-तीव्रता गुणांकाची मांडणी केली आणि ग्रिफिथचा विचार अभियंत्यांच्या हातचे साधन झाला. पॉल पॅरिस यांनी १९६१ मध्ये एका भार-आवर्तनात चीर किती वाढेल, हे या गुणांकाच्या चढउतारावरून सांगता येते असे दाखवले. नामांकित नियतकालिकांनी त्यांचा हा निबंध परत पाठवला होता. आज विमान किती उड्डाणांनंतर तपासायचे, याचे वेळापत्रक त्याच नियमावर बेततात. जेम्स राइस यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या जे-संकलामुळे तुटण्याआधी बरेच वाकणाऱ्या, ताणणाऱ्या धातूंनाही ही पद्धत लावता आली.

चाचणी : भंग-चिवटपणा मोजण्यासाठी चौकोनी ठोकळ्यात खाच पाडलेला नमुना घेतात. यंत्राने पाडलेली खाच कितीही बारीक असली तरी खऱ्या चिरेइतकी तीक्ष्ण नसते. म्हणून नमुना चाचणी यंत्रात बसवून हजारो वेळा हलका भार देतात. खाचेच्या टोकापासून केसासारखी चीर निघते. मग भार सावकाश वाढवत नेतात आणि खाचेच्या तोंडाशी लावलेल्या क्लिप गेजने ती किती उघडते हे नोंदवतात. नमुना तुटल्यावर त्याचे दोन्ही अर्धे समोर ठेवून बघितले की शिणवट्याचा पट्टा सपाट दिसतो आणि शेवटी तुटलेला भाग खडबडीत. पट्ट्याची लांबी ठरावीक जागांवर मोजून सरासरी घेतात. चिरेची कड वेडीवाकडी आली, तर चाचणी बाद धरून नवा नमुना लावावा लागतो.

तुटलेला भाग वाचता येणे हे या क्षेत्रातले मोठे कौशल्य आहे. मोडलेल्या शाफ्टवर पुष्कळदा शिंपल्यासारख्या वक्र रेषा नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्या जिथे एकवटतात, तिथे भंगाचे मूळ असते : चावीची खाच, गंजाचा खड्डा किंवा वेल्डिंगचा टाका. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रॉनभर अंतराच्या रेषाही दिसतात आणि त्यांवरून चीर किती वेगाने वाढली याचा अंदाज बांधता येतो.

रुळांचे उदाहरण : मुंबईकरांना 'रुळाला तडा' ही बातमी हिवाळ्यात विशेष परिचयाची. आज रूळ वेल्डिंगने जोडून सलग ठेवतात, त्यामुळे थंडीत त्यांना आकुंचन पावायला वाव राहत नाही. रूळ ज्या तापमानाला ताणरहित बसवला, त्याखाली तापमान एक अंशाने उतरले की रुळात सुमारे २.४ मेगापास्कल ताण वाढतो. पारा ३० अंशांनी उतरला तर हा ताण ७० च्या घरात जातो. त्यावर चाकांचा भार आणि रूळ तयार होताना राहिलेला अवशिष्ट ताण येतो. उन्हाळाभर निरुपद्रवी राहिलेली आतली चीर पहाटेच्या गारठ्यात आरपार जाते ती यामुळे. श्राव्यातीत तपासणी करणारे पथक आणि पहाटे रुळावरून चालत जाणारा कीमन हे या शास्त्राचे शेवटचे आणि अत्यंत महत्त्वाचे हात आहेत.

भारतातील कार्य : बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये विमानांच्या सांगाड्यांच्या शिणवट्यावर काम चालते. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा विसर्पणाच्या, म्हणजे उष्णतेत सततच्या भाराखाली धातू हळूहळू ताणला जाण्याच्या, दीर्घकालीन चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात विसर्पण व शिणवटा एकत्र आल्यावर काय होते, याचा अभ्यास होतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टीच्या नळ्यांबाबत 'फुटण्याआधी गळती' या तत्त्वावर मोठे काम केले आहे. नळी अशी असावी की चीर आरपार जाऊन गळती लक्षात येईल आणि ती एकदम फुटण्याआधी अणुभट्टी बंद करता येईल. चेन्नईचे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर पूल व इमारतींच्या, हैदराबादची संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळा लष्करी धातूंच्या, तर पुण्याची एआरएआय ही संस्था वाहनांच्या भागांच्या चाचण्या करते. इस्रोच्या अग्निबाणांची मॅरेजिंग पोलादाची कवचे बनवताना बलाइतकाच भंग-चिवटपणा तपासतात. मुंबईत जन्मलेले सुब्रा सुरेश यांचा पदार्थांच्या शिणवट्यावरील ग्रंथ जगभर अभ्यासला जातो. २०१० ते २०१३ या काळात ते अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे संचालक होते.

संशोधनाच्या दिशा : त्रिमितीय छपाईने बनवलेल्या धातूच्या भागांत थरांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांचा शिणवट्यावर होणारा परिणाम हा आजचा ज्वलंत प्रश्न आहे. हायड्रोजन इंधन म्हणून वापरायचा तर त्याच्या शिरकावाने पोलाद ठिसूळ का होते, हे नेमके कळायला हवे. लिथियम बॅटरीतला सिलिकॉन भारित होताना जवळजवळ चौपट आकारमानाचा होतो व चिरफळतो. कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांत थर सुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. काँक्रीटमध्ये लहान नमुन्याचे बल मोठ्या तुळईला जसेच्या तसे लागू होत नाही. झेडनेक बाझंट यांनी या आकार-परिणामाचे सूत्र दिले, पण प्रत्यक्ष बांधकामात त्याचा वापर अजून वाढायला वाव आहे. हाडे, कूर्चा, जेल यांचा भंग वैद्यकाशी जोडलेला आहे. आकडेमोडीत सांत घटक पद्धतीच्या जोडीला फेज-फील्ड पद्धत आणि स्ट्युअर्ट सिलिंग यांनी २००० मध्ये मांडलेली पेरिडायनॅमिक्स यांनी चिरेला फाटे फुटणेही संगणकावर दाखवता येते.

शिक्षण व व्यवसाय : यंत्र, स्थापत्य, धातुकर्म किंवा वैमानिकी अभियांत्रिकीतून या विषयाकडे वळता येते, भौतिकी व गणिताच्या पदवीधरांनाही दार उघडे आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी गेट परीक्षा देतात. तिच्या अभियांत्रिकी विज्ञान या प्रश्नपत्रिकेत घन यामिकी व पदार्थविज्ञान हे स्वतंत्र विभाग आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईसह इतर आयआयटी, नागपूरची व्हीएनआयटी, पुण्याचे सीओईपी येथे संबंधित विषय शिकता येतात. भाभा केंद्र आपल्या प्रशिक्षण शाळेतून अभियंते व वैज्ञानिक घेते. पायाभरणीसाठी स्थितिस्थापकता, आकार्यता, सांत घटक पद्धत आणि भौतिक धातुविज्ञान हे चार विषय पक्के हवेत.

नोकऱ्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला विश्लेषणाचा : पुण्यातील वाहन, इंजिन व यंत्र कंपन्यांच्या तांत्रिक केंद्रांत सीएई (संगणक-साहाय्यित अभियांत्रिकी) विभाग असतात, तिथे मेशिंगपासून, म्हणजे भागावर संगणकात जाळी पाडण्यापासून, सुरुवात होते आणि पुढे शिणवटा-आयुष्याच्या हिशेबापर्यंत जाता येते. दुसरा चाचणीचा : सरकारी व खासगी प्रयोगशाळांत नमुने तयार करणे, यंत्रे चालवणे, अहवाल देणे. तिसरा अविनाशी तपासणीचा : श्राव्यातीत, रेडिओग्राफी, चुंबकीय कण, डाय पेनिट्रंट या पद्धतींत तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे मिळतात आणि पदविकाधारकही इथे चांगले नाव कमावतात. चौथा भंग-कारणमीमांसा व उर्वरित आयुष्याच्या मूल्यमापनाचा : औष्णिक वीज केंद्रांची बाष्पित्रे, तेल शुद्धीकरण कारखाने, वायुवाहिन्या आणि जुने पोलादी पूल आणखी किती वर्षे सुरक्षित चालतील, हे इथे ठरते. पीएच.डी. झालेल्यांना विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांखेरीज विमान-इंजिन, पोलाद व ऊर्जा उद्योगांची संशोधन केंद्रेही घेतात.

सॉफ्टवेअर चालवता येणे पुरेसे नाही, हे या चारही गटांना लागू आहे. पडद्यावरच्या रंगीत चित्रात लाल ठिपका दिसला, तर तो खरा धोका आहे की जाळी चुकीची पडली आहे, हे हाताने ढोबळ हिशेब करणाऱ्यालाच उमगते. आणि तो हिशेब खरा की नाही, हे तुटलेला नमुना हातात घेऊन पाहणाऱ्याला. भारतात वापरात असलेले पूल, बाष्पित्रे आणि विमाने दरवर्षी जुनी होत आहेत. ती सगळी एकदम बदलणे शक्य नाही, त्यामुळे त्यांतल्या चिरा वेळेत शोधणारी, मोजणारी आणि 'आता थांबा' असे ठामपणे सांगणारी माणसे तयार करणे हे या शाखेचे देशातले सर्वांत निकडीचे काम आहे.