अठराव्या वर्षाचा उंबरठा

कायद्याच्या दृष्टीनें मनुष्य अठराव्या वाढदिवशीं सज्ञान होतो. त्याच्या चित्ताची ठेवण मात्र त्या दिवशीं पालटत नाहीं. एवढी साधी गोष्ट ध्यानीं घ्यावयास वैद्यकीय संस्थांना किती काळ लागला, हें पाहावयाचें असेल तर ए. डी. एच. डी. या विकाराचा इंग्लंडमधील इतिहास चाळावा. लक्ष एका ठिकाणीं न ठरणें, अंगांत अखंड चुळबूळ असणें आणि मनांत येईल तें विचार न करतां करून बसणें, हीं या विकाराचीं मुख्य लक्षणें. पूर्वींच्या शाळांतून त्यांवर छडी हाच उपाय समजला जाई.

1902 सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेंत जॉर्ज स्टिल या बालवैद्यानें तीन व्याख्यानें दिलीं आणि बुद्धि शाबूत असूनहि स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. तीं सारींच मुलें आजच्या व्याख्येंत बसतील असें नव्हे. 1937 सालीं अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथें चार्लस ब्रॅडली यानें 30 मुलांना बेंझेड्रिन हें औषध दिलें. त्यांतील जवळजवळ निम्मीं मुलें अभ्यासांत एकाएकीं रमूं लागलीं. उत्तेजकानें मूल शांत व्हावें, हें नवलच! पण स्टिल काय किंवा ब्रॅडली काय, दोघांच्याहि दृष्टीसमोर होतें तें मूल.

संस्थाहि तशाच घडल्या. इंग्लंडमध्यें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत बाल-मार्गदर्शन केंद्रें निघालीं. (मुंबईंतहि 1937 सालीं टाटांच्या समाजकार्य विद्यालयानें असें केंद्र काढलें.) त्यांतील पुष्कळ केंद्रें शिक्षणखात्याच्या छायेंत वाढलीं. प्रौढांचा मनोविकार-विभाग वाढला तो वेड्यांच्या इस्पितळांतून. 1948 सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन झाली, तरी ही फारकत पुरती मिटली नाहीं. दोन घरें दोन निरनिराळ्या गवंड्यांनीं बांधलीं; मधलें दार कोणीच ठेवलें नाहीं.

दार हवें तरी कशाला, अशी समजूत होती. 1968 सालच्या अमेरिकन निदानसंहितेंत हा प्रकार पौगंडावस्थेंत बहुधा ओसरतो असें नमूद होतें. हातापायांची चुळबूळ वयाबरोबर कमी होते हें खरें. मनाची चुळबूळ बाहेरून दिसत नाहीं. कॅनडांत माँट्रिअल येथें गॅब्रिएल वाइस व लिली हेक्टमन यांनीं अशा मुलांचा पंधरा वर्षें माग ठेवला, तेव्हां निम्म्याहून अधिकांच्या ठायीं प्रौढपणींहि कांहीं ना कांहीं त्रास उरलेला आढळला. इंग्लंडमध्यें मात्र नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिकेंत मुलांबरोबर प्रौढांनाहि स्थान मिळालें तें 2008 सालीं.

तोंवर 1990 नंतर औषध घेऊं लागलेलीं मुलें मोठीं झालीं होतीं. त्यांतील पुष्कळांची चिकित्सा बालवैद्यांकडे. आणि बालवैद्याचें काम पुढें चालविणारा प्रौढांकडे कोणी नाहीं. प्रौढांचा विभाग भ्रमिष्टपणा, तीव्र खिन्नता अशा रोग्यांसाठीं उभारलेला. लक्ष लागत नाहीं म्हणणारा तरुण तेथें परका ठरे. औषध नियंत्रित वर्गांतलें, तेव्हां घरचा डॉक्टर तज्ज्ञाच्या देखरेखीवांचून तें लिहून देण्यास कचरे. ज्या वर्षीं मुलगा घर सोडून विद्यापीठांत वा नोकरीवर जातो, नेमका त्याच वर्षीं त्याचा आधार सुटे. त्यांत आणखी एक गोम आहे. तारखा लक्षांत ठेवणें, अर्ज भरणें, वेळेवर हजर होणें, हें आजवर बहुधा आईनें केलेलें. आतां तें अशा तरुणावर येऊन पडतें कीं ज्याचा विकारच मुळीं तें साधूं देत नाहीं. तो गैरहजर राहिला कीं नांव कमी होतें. याला बेपर्वाई म्हणणें हा अन्याय होय.

2010 सालीं स्वरन सिंग व त्यांचे सहकारी यांनीं लंडन व वेस्ट मिडलंड्स भागांतील पाहणी प्रसिद्ध केली. सर्व प्रकारच्या मनोविकारांच्या 154 तरुणांपैकीं 90 जणच प्रौढ विभागापर्यंत पोंचले. आणि त्यांतहि ज्यांची पाठवणी यथासांग झाली असे शेंकडा पांचहि नव्हते. यथासांग म्हणजे फार कांहीं नव्हे: माहितीचे कागद पोंचणें, एखादी बैठक, कांहीं काळ दोन्ही विभागांची एकत्र देखरेख आणि पुढें उपचारांत सातत्य. ए. डी. एच. डी. सारखे, मेंदूच्या वाढीशीं निगडित विकार असलेले तरुण मध्येंच गळण्याचा संभव अधिक दिसला.

2016 सालीं नाइसनें बालसेवेंतून प्रौढसेवेंत जाणाऱ्या सर्वच तरुणांसाठीं स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षापासूनच सुरू करावी, आणि प्रत्येकाला एक ठराविक कार्यकर्ता मिळावा. त्यानें बदलीपूर्वीं निदान सहा महिने व नंतर सहा महिने सोबत राहावें. तो कोण असावा, हें ठरवितांना त्या तरुणालाहि विचारावें, असें त्यांत म्हटलें आहे.