ता. १२ जून १८०६ : केरी ह्यांच्या दिनचर्येंतील प्रातःकाल

मराठी मुद्रणाच्या इतिहासांत डॉ. विल्यम केरी ह्यांचें नांव व्याकरणकार (१८०५) आणि कोशकार (१८१०) म्हणून येतें, आणि बहुधा तेवढ्यावरच त्यांची बोळवण होते. परंतु ह्या गृहस्थांच्या एका संपूर्ण दिवसाचा हिशेब त्यांच्याच लेखणींतून उतरलेला आहे, व तो आपल्या संशोधकांनीं एकदां तरी बारकाईनें पाहावा अशा योग्यतेचा आहे. दिवस ता. १२ जून १८०६, वार गुरुवार, स्थळ कलकत्ता, निमित्त इंग्लंडांतील एका स्नेह्यास लिहिलेलें पत्र. ह्याहून अधिक फुरसत कोणत्याच दिवशीं मिळत नाहीं असें त्यांत शेवटीं म्हटलें आहे. तेव्हां पत्रोत्तरास होणाऱ्या विलंबाची ही एक सबबच म्हणावयाची. सबबीसाठीं लिहिलेला कागद पुढें उत्तम साधन ठरतो, ह्याचा अनुभव दप्तरें चाळणारांस नवा नाहीं.

प्रातःकालाचा भाग असा. पावणेसहा वाजतां उठणें. हिब्रू बायबलाचा एक अध्याय वाचणें. तदनंतर सात वाजेपर्यंत एकांतांत ईश्वरप्रार्थना. सात वाजतां घरांतील चाकरमाणसांसह बंगाली भाषेंत कौटुंबिक प्रार्थना. चहा तयार होत आहे तोंच मुनशीजवळ थोडें फारसी वाचन, आणि न्याहारीपूर्वीं हिंदुस्थानींतून धर्मग्रंथाचा कांहीं भाग. न्याहारी आटोपतांच पंडितासह रामायणाचें संस्कृतांतून भाषांतर, तें थेट दहापर्यंत. दहा वाजतां फोर्ट विल्यम कॉलेजांत हजर. म्हणजे सरकारी चाकरीची घंटा होण्यापूर्वीं सवाचार तासांत हिब्रू, बंगाली, फारसी, हिंदुस्थानी व संस्कृत अशा पांच भाषा होऊन गेल्या!

उरलेला दिवस थोडक्यांत सांगतों. दुपारीं परतल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचें मुद्रित तपासणें; जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताच्या साहाय्यानें मत्तयाच्या आठव्या अध्यायाचा बराचसा भाग संस्कृतांत; सहानंतर तेलंगी पंडिताजवळ त्याच्या भाषेचे धडे; साडेसातास प्रवचन; नऊनंतर यहेज्केलाचा अकरावा अध्याय बंगालींत, तो जवळजवळ अकरापर्यंत; मग हें पत्र; आणि निजण्यापूर्वीं ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय. सकाळीं हिब्रू व रात्रीं ग्रीक, म्हणजे जुन्या व नव्या करारांच्या मूळ भाषा दिवसाच्या दोन्ही टोकांस ठेविलेल्या आहेत. ही योजना बुद्धिपुरःसर असावी असें मला वाटतें.

उठण्याच्या वेळेविषयीं एक टीप जोडणें अवश्य आहे. केरी सूर्योदयापूर्वीं उठत अशी समजूत हें पत्र घाईनें वाचणाराची सहज होईल. पण जूनच्या मध्यावर कलकत्त्यास स्थानिक वेळेप्रमाणें सूर्य सव्वापांचच्या सुमारास उगवतो. अर्थात् त्या दिवशीं केरी उठले तेव्हां दिवस वर येऊन अर्धा तास झाला होता. मनूनें ब्राह्म मुहूर्तावर उठून धर्म, अर्थ आणि वेदतत्त्वार्थ ह्यांचें चिंतन करण्यास सांगितलें आहे. तो मुहूर्त सूर्योदयापूर्वीं चार घटका धरला तर पहांटे पावणेचारच्या आंत बाहेर होतो. ह्यांत केरींस उणेपणा देण्याचा हेतु नाहीं. आदल्या रात्रीं ते अकरानंतर निजले असतील, तर पावणेसहा हीच त्यांची पहांट. मीं स्वतः शाळेच्या नोकरींत तीस वर्षें पहांटे उठून एकादा सर्ग वाचण्याचा नेम केला, व पाळला त्याहून मोडला अधिक; त्यामुळें ह्या पत्रांतील हिशेबाकडे मी थट्टेनें पाहूं शकत नाहीं.

खरा विचार करण्याजोगा मुद्दा निराळा आहे. केरी शयनगृहांतून बाहेर आले तेव्हां मुनशी वाट पाहत होता, असें ते लिहितात. रामायणाचा पंडितही वाटच पाहत होता. हे दोघे किती वाजतां घरून निघाले? पंडित स्नानसंध्या उरकून आला असेल असें मानण्यास हरकत नाहीं. तसें असल्यास त्याची सकाळ केरींच्या सकाळीच्या किती तरी आधीं सुरू झाली होती. धन्याच्या प्रार्थनेस व अध्ययनास जी सलग वेळ लाभली, तिच्या दाराशीं दुसऱ्याची वेळ अशी बसून होती. पत्रांत त्यांचीं नांवें नाहींत. दुपारचा मुख्य पंडित म्हणजे बहुधा मृत्युंजय विद्यालंकार. पण तेंही आपण इतर साधनांवरून म्हणावयाचें. त्याचप्रमाणें केरींची पत्नी डॉरथी ही कित्येक वर्षें भ्रमिष्टावस्थेंत होती व पुढल्याच वर्षीं, डिसेंबर १८०७ मध्यें, वारली. तिचाही ह्या दिनचर्येंत उल्लेख नाहीं. केरी आठवड्याचे कांहीं दिवस कलकत्त्यास राहत व बिऱ्हाड श्रीरामपुरास असे, हें ध्यानांत घेतलें तरी ती उणीव जाणवतेच.

आणि मराठी? सकाळपासून रात्रीपर्यंतच्या ह्या यादींत आपल्या भाषेचें नांवही नाहीं. आदल्याच वर्षीं मराठी व्याकरण छापलें गेलें होतें, मत्तयाचें मराठी शुभवर्तमानही त्याच वर्षीं निघालें होतें. माझ्या मतें ह्याचा उलगडा दहा ते दीड ह्या कॉलेजच्या वेळांत आहे. त्या तासांचें वर्णन केरींनीं एका वाक्यांत संपविलें आहे, कारण तें चाकरीचें काम. आणि मराठीचें अध्यापन त्यांच्याकडे चाकरीच्याच नात्यानें होतें. बंगाली व संस्कृत ह्यांना प्रार्थनेच्या शेजारची वेळ मिळाली, मराठीस पगारी वेळ मिळाली. पुढें मोडी टंकांत निघालेल्या १८१० च्या कोशाचें काम वैजनाथ शर्मा ह्या पंडितांच्या मदतीनें झालें; त्यांचीच सिंहासनबत्तिशी १८१४ त व हितोपदेश १८१५ त श्रीरामपुराहून बाहेर पडला.

ता. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांच्या कोशाचें हस्तलिखित व तेलुगु आणि पंजाबी व्याकरणांचीं हस्तलिखितें त्यांत जळालीं. अक्षरांचे पोलादी ठसे मात्र वांचले, आणि टंक पुन्हां पाडतां आले. पण पंडितांच्या हातचे कच्चे कागद त्या आगींत किती गेले व पंडितांच्या घरीं किती राहिले, हा शोध वेगळा आहे. वैजनाथ शर्म्यांच्या हातचें एकादें टिपण, पगाराची पावती, अथवा कलकत्त्याहून घरीं धाडलेलें पत्र नागपूर प्रांतांतील एकाद्या रुमालांत निघाल्यास त्यांत ते घरून किती वाजतां निघत एवढें जरी आढळलें, तरी १२ जूनच्या ह्या पत्राची दुसरी बाजू आपल्या हातीं येईल. अशा कागदाची नक्कल ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं ती मंडळाकडे अवश्य धाडावी.